भाचा धर्मसंघात जाऊ म्हणतो आहे : प्रशिक्षणाची वर्षे, पदवी आणि घरची व्यवस्था

गोदाकाठ (अंबड, जि. जालना)

सर्वांना नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला असून त्याने कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघात प्रवेश घेण्याची इच्छा घरी बोलून दाखवली आहे. बहीण आणि दाजी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. त्यामुळे मुलगा पाचवीपासून मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकला. गेल्या सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत त्याची संघाच्या फादरांशी गाठ पडली, मग उन्हाळ्यात तो त्यांच्या शिबिराला जाऊन आला, आणि आता त्यांनी जूनमध्ये या म्हणून निरोप धाडला आहे.

बहिणीला आनंद आहे. दाजी काही बोलत नाहीत, पण त्यांचे न बोलणे मला समजते. यंदा मुलगा टोळीत आला असता तर अर्धा कोयता (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) वाढला असता आणि मुकादमाकडची उचल एका हंगामात फिटली असती. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि घराण्यात अर्ज-कागद समजणारा मी एकटाच, म्हणून सर्वांचे प्रश्न माझ्याकडे येतात. मुलाच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. मला व्यवहाराचे सांगा : हे प्रशिक्षण किती वर्षांचे असते, मध्येच मन बदलले तर त्याला परत येता येते का, आला तर त्याच्या हातात कोणती पदवी असते, आणि दाजींच्या नावावरच्या तीन एकर कोरडवाहू जमिनीचे पुढे काय होते? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया विस्ताराने लिहावे.

जुना ब्रदर (छत्रपती संभाजीनगर)

मी एका संघात काही वर्षे काढून, रीजन्सीनंतर, सर्वांच्या संमतीने बाहेर पडलो, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार ठाऊक आहेत. संघाचे नाव लिहीत नाही.

मुलगा जूनमध्ये जाईल तो थेट व्रते घ्यायला जाणार नाही. पहिले एक-दोन वर्ष उमेदवारीचे असते. त्यानंतर नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीच्या तयारीचा काळ, ते चर्चच्या कायद्याने किमान बारा महिन्यांचे असते आणि काही संघांत दोन वर्षांचे. ते पूर्ण झाल्यावर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते, तीही बहुतेक संघांत प्रथम मुदतीची. मग तत्त्वज्ञानाची दोन-तीन वर्षे, एखाद्या शाळेत, बोर्डिंगमध्ये वा मिशनवर प्रत्यक्ष काम करण्याचे एक-दोन वर्ष (यालाच रीजन्सी म्हणतात), आणि शेवटी ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) चार वर्षे. कायमची व्रते, मग डीकनपद (धर्मगुरूपदाच्या आधीची पायरी), मग गुरुदीक्षा. बारावीनंतर गेलेला मुलगा वेदीवर उभा राहीपर्यंत अकरा-बारा वर्षे सहज जातात. ज्याला धर्मगुरू व्हायचे नाही, केवळ व्रतस्थ ब्रदर म्हणून राहायचे आहे, त्याचा मार्ग निराळा आणि पुष्कळदा थोडा आखूड असतो.

आता जे माहितीपत्रकात नसते ते सांगतो. मराठी माध्यमातल्या मुलाला प्रार्थना जड जात नाही, पहाटे उठणे जड जात नाही, संडास-बाथरूम धुणे आणि बागेत फावडे मारणे तर त्याला घरचेच असते. त्याला जड जाते ती इंग्रजी. आमच्या तुकडीत केरळ, मंगळूर, झारखंड आणि तमिळनाडूची मुले होती आणि सर्वांना जोडणारी भाषा इंग्रजी होती. जेवताना एकाने उभे राहून संतचरित्र मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी मौन पाळून ऐकायचे, अशी तिथे पद्धत होती. माझी पाळी आली की मी आदल्या रात्री त्या दोन पानांवर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहून ठेवत असे. ‘थॉमस’मधला ‘एच’ कुठे जातो, हे मला कोणी सांगितले नव्हते. टेबलावर कोणी हसत नसे, कारण हसणे नियमाबाहेर होते, पण चमचे थांबत. माझ्याबरोबर आलेल्या मराठवाड्याच्या मुलांपैकी जे लवकर परतले, त्यांचे पाचारण (देवाचे बोलावणे) संपले असे मला कधीच वाटले नाही. वर्गात गप्प बसून-बसून ती मुले स्वतःलाच मंद समजू लागली होती.

म्हणून, सर, पहिला प्रश्न हा विचारा : उमेदवारीच्या वर्षात इंग्रजी कोण शिकवते, आणि ते शिकवणे रोज असते की सवडीने?

बालाघाट (बीड)

मी ख्रिस्ती नाही, पण अंबाजोगाईला मिशनच्या शेजारी लहानाचा मोठा झालो. मला एक प्रश्न पडतो आणि तो रागाने विचारत नाही. सतरा-अठरा वर्षांचे पोर, ज्याला आठ वर्षे बोर्डिंगमध्ये फादरांनीच जेवू घातले, कपडे दिले, फी भरली, ते ‘मला फादर व्हायचे आहे’ म्हणते तेव्हा त्यात त्याचा स्वतःचा निर्णय किती आणि उपकाराचे ओझे किती, हे कोण तपासते? आपल्याकडे इतर पंथांतही लहान वयात दीक्षा देण्यावरून वाद झालेले आहेत, म्हणून विचारतो.

धर्मग्रामातून

जय ख्रिस्त. मी याच भागात धर्मगुरू म्हणून काम करतो. बालाघाट यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो चर्चलाही नवा नाही.

१९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार (चर्चच्या कायद्याच्या ग्रंथानुसार) सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी नॉव्हिशिएटमध्ये दिलेला प्रवेश अवैध ठरतो. बळजबरी, भारी भीती किंवा फसवणूक यांच्या प्रभावाखाली आलेल्याचा प्रवेशही अवैध, आणि अशा प्रभावाखाली ज्या वरिष्ठाने त्याला घेतले असेल त्याच्या बाबतीतही तेच. मुदतीच्या व्रतांसाठी अठरा, कायमच्या व्रतांसाठी एकवीस आणि गुरुदीक्षेसाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. उमेदवाराचे आरोग्य, स्वभाव आणि परिपक्वता पाहणे हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी तज्ज्ञांची मदत घेता येते. आजकाल बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत होते. बोर्डिंगच्या उपकाराचे ओझे मात्र कायद्याच्या कलमात पकडता येत नाही, हे मी मान्य करतो. ज्या फादरांनी मुलाला वाढवले त्यांनीच त्याची शिफारस करावी आणि त्यांनीच त्याची पारखही करावी, ही पद्धत मला योग्य वाटत नाही. पारख दुसऱ्याने करावी.

परत येण्याविषयी. नॉव्हिस, म्हणजे नॉव्हिशिएटमधला उमेदवार, कोणत्याही दिवशी निघू शकतो आणि संघही त्याला परत पाठवू शकतो. मुदतीची व्रते तीन वर्षांपेक्षा कमी आणि सहा वर्षांपेक्षा जास्त काळासाठी नसतात. फार तर एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवता येतात. मुदत संपली की ज्याला जायचे आहे तो जातो. मुदतीच्या मध्येच निघायचे झाले तर संघाच्या सर्वोच्च वरिष्ठांकडे गंभीर कारण देऊन परवानगी मागावी लागते. कायमच्या व्रतांनंतर प्रकरण मोठ्या संघांच्या बाबतीत थेट रोमपर्यंत जाते. येशूसंघाची (जेझुइटांची) रीत याहून वेगळी आहे. तिथे दोन वर्षांच्या नॉव्हिशिएटनंतरची पहिली व्रतेच कायमची असतात. म्हणून ‘संघ’ एवढे ऐकून थांबू नका, कोणता संघ ते पाहा.

आणखी एक गोष्ट, जी कुटुंबे हमखास विसरतात. धर्मगुरू होण्यासाठी धर्मसंघातच जावे लागते असे नाही. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याआधी या गावांत काम केले ते मुख्यतः फ्रान्सलियन संघाच्या फ्रेंच मिशनऱ्यांनी. घोगरगावला फादर जाकिए यांचे नाव आजही घराघरात घेतात. त्यामुळे ‘फादर म्हणजे संघाचे’ अशी समजूत आपल्या लोकांत रुजली. धर्मप्रांताच्या धर्मगुरूला दारिद्र्याचे व्रत नसते. तो ब्रह्मचर्य आणि बिशपांचे आज्ञापालन स्वीकारतो आणि आयुष्यभर साधारणपणे याच जिल्ह्यांत राहतो. संघाचा धर्मगुरू उद्या आसामात किंवा आफ्रिकेत पाठवला जाऊ शकतो. दाजींच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

सोयाबीनचे रान (लातूर)

माझा मुलगा सध्या मुदतीच्या व्रतांत आहे. आईच्या बाजूने चार ओळी लिहिते.

नॉव्हिशिएटच्या वर्षात मुलगा सणासुदीला घरी येईल अशी आशा ताईंनी धरू नये. पंधरा दिवसांहून अधिक काळ तो बाहेर राहिला तर तेवढे दिवस भरून काढावे लागतात आणि तीन महिन्यांहून अधिक झाले तर सगळे वर्षच बाद होते, असे आम्हाला नॉव्हिस मास्टरांनी प्रवेशाच्या वेळीच समजावले होते. माझे सासरे त्याच वर्षी वारले. मुलगा आला, माती देऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत गेला. भावकीत फार बोलणे झाले. मला त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

एक समाधान असे की व्रतग्रहणाचा विधी आमच्याकडे मे महिन्यात झाला. तुमच्या ताई आणि दाजी तोपर्यंत कारखान्यावरून परतलेले असतील, पण तारीख आधी विचारून घ्या, म्हणजे मुकादमाशी बोलताना अडचण येणार नाही. पहिल्या वर्षी मी जाताना शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी नेल्या होत्या. त्या त्याने एकट्याने खाल्ल्या नाहीत, पंगतीत वाटल्या, आणि मला म्हणाला, आई, आता माझे असे काही नसते. मला हसू आले. बाजूला जाऊन डोळेही पुसले.

सातबारा (अंबाजोगाई, वकिली)

जमिनीचा मुद्दा अद्याप कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो.

धर्मविधिसंहितेप्रमाणे पहिल्या व्रतांपूर्वी उमेदवार आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवतो आणि कायमच्या व्रतांपूर्वी त्याने देशाच्या कायद्यात टिकेल असे मृत्युपत्र करायचे असते. मालकी लगेच जात नाही. काही संघांत मात्र ती पूर्णपणे सोडावी लागते. मात्र व्रते घेतल्यानंतर तो स्वतःच्या कामातून जे कमावतो ते संघाचे होते, पगार असो वा पेन्शन. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या पगारातून आयकराची कपात कायम ठेवली, तेव्हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद नेमका हाच होता की पगार व्यक्तीकडे राहतच नाही. न्यायालयाने तो मानला नाही. संघाशी असलेले नाते सरकारी कागदाला आपोआप लागू होत नाही, हे यावरून लक्षात घ्यावे.

म्हणजे मुलगा फादर झाला तरी तलाठ्याच्या दृष्टीने तो वारसच राहतो. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ नुसार ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला तर एकतृतीयांश विधवेला आणि उरलेले मुलामुलींना समान मिळते. वडील हयात असताना मुलाला जमिनीत जन्मतः हक्क नसतो. त्यामुळे आज दाजींनी काहीही करण्याची गरज नाही. पुढे वारसनोंद होईल तेव्हा भाच्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून भावंडांच्या नावे फेरफार करता येईल. साध्या शंभराच्या बाँडवर ‘मी हक्क सोडला’ असे लिहून घेण्याचा सल्ला गावात कोणी देईल, तो ऐकू नये.

एक अवघड गोष्टही सांगून ठेवतो. मराठवाड्यात कित्येक ख्रिस्ती कुटुंबांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म ‘हिंदू’च असतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशामुळे धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तीला ती सवलत मिळत नाही, हे त्यामागचे उघड कारण आहे. वारसाच्या वेळी कोणता कायदा लागू, यावर अशा घरांत वाद उभा राहू शकतो. बाप्तिस्म्याचा दाखला आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून एकदा वकिलाला दाखवा.

दुष्काळी (धाराशिव)

सगळे फार गोड चालले आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. दक्षिणेकडे पूर्वीइतकी मुले येत नाहीत, म्हणून आता संघांचे लोक आमच्या वाड्या-तांड्यांवर फिरू लागले आहेत. शिबिरात क्रिकेट, चिकन आणि गिटार. गरिबाच्या पोराला वाटते हेच आयुष्य. आणि बारा वर्षे इंग्रजीत शिकून आलेला आमचाच पोरगा मिस्सात प्रवचन द्यायला उभा राहिला की असे मराठी बोलतो की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना काही उमगत नाही. मग उपयोग काय?

धर्मग्रामातून

दुष्काळी यांच्या शिबिराविषयीच्या तक्रारीत तथ्य आहे. दोन दिवसांच्या शिबिरावरून घेतलेला निर्णय कच्चा असतो आणि म्हणूनच उमेदवारीचे वर्ष असते. भाषेच्या बाबतीत मात्र मी पूर्ण सहमत नाही. ‘निरोप्या’ हे मराठी मासिक १९०३ मध्ये एका जर्मन येशूसंघीय धर्मगुरूने सुरू केले, आणि जानेवारी २०२० मध्ये तुमच्याच गावी भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ज्याला मराठी टिकवायची असते तो ती इंग्रजी सेमिनरीतही (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणगृहातही) टिकवतो. मात्र त्यासाठी कोणी लक्ष पुरवावे लागते, आणि ते पुष्कळ ठिकाणी पुरवले जात नाही, हे तुमचे म्हणणे मी नाकारत नाही.

जुना ब्रदर

फादर, आपण परत येण्याचे नियम सांगितले ते अगदी बरोबर आहेत, पण ते वाचून गोदाकाठ यांचा समज अर्धवट राहील अशी भीती वाटते. कायदा मुलाला दार उघडे ठेवतो. त्या दारातून बाहेर पडल्यावर काय, हे कायदा फारसे सांगत नाही. संघ सोडणाऱ्याला आपण केलेल्या कामाबद्दल संघाकडून काही मागण्याचा हक्क नाही. संघाने न्यायबुद्धीने आणि प्रेमाने वागावे, एवढेच कलम म्हणते. मला परतताना गाडीभाडे आणि थोडी रक्कम मिळाली, वागणूकही चांगली मिळाली. पण पुढच्याच आठवड्यात स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा पदवीच्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न उभा राहिला. तत्त्वज्ञानाचे माझे प्रमाणपत्र चर्चच्या व्यवस्थेतले होते. सुदैवाने आमच्या रेक्टरांनी (प्रशिक्षणगृहाच्या प्रमुखांनी) आग्रह धरून आम्हाला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. करायला लावले होते, म्हणून मी आज शिक्षक आहे. माझ्या बरोबरीचा एक जण तेवढ्याच वर्षांनी परतला आणि आज पंचविशी ओलांडलेला बारावी पास म्हणून दुकानात हिशेब लिहितो.

ज्याच्याकडे पदवी नसते तो मन उडाले तरी राहतो, कारण गावी परत जाऊन कोयता हाती घेण्याची त्याला लाज वाटते. असे राहिलेले धर्मगुरू मी पाहिले आहेत. त्यांचा त्यांनाही त्रास होतो आणि लोकांनाही.

बालाघाट

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या शेवटच्या प्रतिसादात मिळाले. पोराला आत कसे घेतले यापेक्षा त्याला बाहेर पडणे परवडेल का, हे पाहायला हवे होते.

गोदाकाठ

सर्वांचा आभारी आहे. धागा वाचून मी संघाच्या फादरांना दूरध्वनी केला आणि भाच्याला समोर बसवून सारे विचारले. इंग्रजीचे वर्ग उमेदवारीच्या वर्षात रोज असतात, असे ते म्हणाले. पदवीविषयी उत्तर सावध होते : काही मुलांना करू देतात, सर्वांना नाही, आणि ते रेक्टरांवर अवलंबून असते. मी त्यांना आदरपूर्वक सांगितले की जे रेक्टरांवर अवलंबून आहे त्यावर आमच्या घराने विसंबून राहावे असे मला वाटत नाही.

भाचा नाराज झाला. देव बोलावतो तेव्हा पदवी विचारत नाही, असे त्याने मला ऐकवले. त्याच्या वयाला ते शोभले. मी त्याला एवढेच म्हणालो की पंचविशीच्या आत तर तुला कोणी दीक्षा देणार नाही, मग घाई कोणाला आहे? त्यावर प्रथमच दाजी बोलले. शिकायचे असेल तर कोयत्याचे मी पाहतो, उचल माझी आहे, असे ते म्हणाले आणि उठून शेळ्यांकडे गेले.

सध्या ठरले आहे ते असे. यंदा तो जालन्याला माझ्याकडे राहून बी. ए. ला प्रवेश घेईल, इंग्रजीची शिकवणी लावेल, आणि सुट्ट्यांत संघाकडेही जाईल व धर्मप्रांताच्या फादरांनाही भेटेल. पदवीनंतर त्याची इच्छा कायम असेल तर कोणी अडवणार नाही. संघाच्या फादरांनी हे ऐकून नापसंती दाखवली नाही. पदवीधर उमेदवार आम्हाला चालतातच, असे ते म्हणाले. मग हे आधी का सांगितले नाही, असे विचारण्याचा मोह मी आवरला.

धर्मग्रामातून

चांगला निर्णय. तीन वर्षे हातात आहेत तर एक काम आताच करून टाका : बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला मूळ धर्मग्रामातून काढून ठेवा. प्रवेशाच्या वेळी हे दोन्ही आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो. ऊसतोडीच्या कुटुंबांत मुलाचा बाप्तिस्मा पुष्कळदा कारखान्याजवळच्या चर्चमध्ये झालेला असतो आणि नोंद तिकडच्या पुस्तकात असते, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. ताईंना विचारा, त्या हंगामात टोळी कोणत्या कारखान्यावर होती.

गोदाकाठ

विचारले. बहीण म्हणते, प्रवरेच्या बाजूला होतो, पण त्या साली आधी एका कारखान्यावर आणि नंतर दुसऱ्यावर गेलो होतो. दोन्ही ठिकाणी पत्र टाकतो.